पहिले शील आणि प्रयोगशाळेतला उंदीर



गेल्या महिन्यात एर्लांगेनला एका कुटुंबाच्या घरी आपण वंदनेला जमलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, खीर वाटून झाली, आणि इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्यातल्याच एका मुलीने विचारले, "काका, पाणातिपाता वेरमणी मी लहानपणापासून म्हणते. पण प्रयोगशाळेत कुठलीही बाटली वापरण्याआधी तिचा सुरक्षा-कागद वाचावा लागतो. त्यात विभाग ११ मध्ये लिहिलेले असते : उंदीर, तोंडावाटे, इतके मिलिग्रॅम. म्हणजे कुणीतरी उंदरांना ते पाजून किती मेले ते मोजले, म्हणून मी सुरक्षित आहे. आता मला एका कंपनीत याच नोंदी तयार करण्याच्या विभागात नोकरी मिळते आहे. घेऊ का नको?"

उत्तरे पटापट आली. कुणी म्हणाले, घेऊ नकोस, शील मोडते. कुणी म्हणाले, विज्ञानासाठी चालते, आपला धम्म विज्ञानवादी आहे. दोन्ही उत्तरे मला पटली नाहीत, आणि तिलाही पटली नसावीत, कारण ती गप्प बसली. तुमच्यापैकी अनेक जण औषध, रंग, बॅटरी, प्लास्टिक यांच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत आहात. म्हणून तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ते नेमके काय करतात ते पाहू. न पाहता केलेली करुणा फार स्वस्त असते. आठ ते बारा आठवडे वयाचे उंदीर घेतात. रात्रभर उपाशी ठेवतात, पाणी मात्र देतात. सकाळी वजन करून नळीने ते रसायन थेट पोटात सोडतात. पहिले चार तास बारकाईने लक्ष ठेवतात, मग रोज, असे चौदा दिवस. थरथर, लाळ, झटके, ग्लानी हे सगळे लिहून ठेवतात. जो फार तळमळतो त्याला वेदना न देता मारतात आणि मेलेल्यांत धरतात. जे जगतात त्यांनाही शेवटी मारून, पोट उघडून पाहतात. यातून तो पदार्थ किती विषारी ते ठरते. किलोमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मारक ठरला तर डब्यावर कवटी येते, त्यापुढे २००० पर्यंत उद्गारचिन्ह.

याचा उगम १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचवलेल्या पद्धतीत आहे. ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, म्हणजे एलडी ५०. ट्रेव्हन यांच्यापुढे खरी अडचण होती. डिजिटॅलिस किंवा इन्सुलिन यांसारख्या औषधांचा जोर दर खेपेला वेगळा निघे, आणि जास्त जोराच्या खेपेने रोगी दगावू शकत असे. ती अडचण त्या आकड्याने सुटली. पण पुढे तोच आकडा रंगाला हवा, साबणाला हवा, वंगणाला हवा असे झाले. १९८१ साली ओईसीडीने त्याची आंतरराष्ट्रीय पद्धत लिहून काढली : किमान तीन मात्रा आणि प्रत्येक मात्रेला दहा प्राणी, पाच नर, पाच माद्या. गंमत म्हणजे इतके करूनही एकाच पदार्थाचा आकडा दोन प्रयोगशाळांत दुप्पट-तिप्पट वेगळा येई. डब्यावर कवटी छापायची की नाही एवढे ठरवायला नेमक्या आकड्याची गरजच नव्हती. तरी फाइलीत तो रकाना होता, आणि रकाना भरावा लागे.

हे वाचताना मला कूटदंत ब्राह्मण आठवतो. दीघनिकायात त्याची गोष्ट आहे. सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बकऱ्या, सातशे मेंढे यज्ञासाठी खुंटाला बांधून तो तथागतांकडे यज्ञाचा विधी विचारायला आला. उपदेश ऐकल्यावर त्याने सगळी जनावरे सोडून दिली. आता तुम्ही म्हणाल, यज्ञ कुठे आणि प्रयोग कुठे? खरे आहे. यज्ञाचे फळ कुणी तपासू शकत नाही, प्रयोगाचे तपासता येते. हा फरक लहान नाही. पण ज्या दिवशी प्रयोग काही जाणून घेण्यासाठी न होता रकाना भरण्यासाठी होतो, त्या दिवशी प्रयोगशाळेत यज्ञच चालू झालेला असतो. फक्त पुरोहिताने पांढरा कोट घातलेला असतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेबद्दल काय म्हटले आहे ते पुन्हा एकदा वाचा. त्यांनी दोन भेद केले. एक, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला. जिथे इच्छेपलीकडे काहीच नाही तिथली हत्या तथागतांनी निषिद्ध मानली, असे ते मांडतात. दुसरा, तत्त्व आणि नियम यांतला. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते आणि जबाबदारी त्याच्यावरच टाकते. आपले लोक यातला पहिला भाग सोयीने लक्षात ठेवतात : गरज असली की चालते. पण गरज आहे हे ठरवले कुणी? रोज तपासले कुणी? विनयात माणसाचा जीव घेणे पाराजिक आहे, भिक्खू संघातून कायमचा बाहेर जातो. प्राण्याचा जीव जाणूनबुजून घेणे पाचित्तिय आहे, त्याची कबुली द्यावी लागते. दोन्ही सारखे नाहीत. पण दुसरे म्हणजे काहीच नाही, असेही नाही.

माणसाच्या बाजूचे म्हणणे ऐकायचे तर एर्लांगेनहून लांब जावे लागत नाही. गाडीने अर्ध्या तासाच्या आत न्यूर्नबर्ग येते. तिथल्या न्यायालयात डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ नाझी डॉक्टरांवर खटला चालला. तेवीस आरोपी, सोळा दोषी, सात जणांना फाशी. आरोपपत्रात एक कलम विषाच्या प्रयोगांचे होते : बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांच्या जेवणात त्यांच्या नकळत विष घातले, काही त्याने मेले, बाकीच्यांना शवविच्छेदन करता यावे म्हणून लगेच मारले. म्हणजे हीच तोंडावाटे चाचणी, उंदराच्या जागी माणूस. त्याच निकालातून दहा कलमांची न्यूर्नबर्ग संहिता निघाली. पहिले कलम माणसाच्या संमतीचे. तिसरे सांगते की माणसावरचा प्रयोग आधी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारावर असावा. माणसाला मागे घेण्यासाठी प्राण्याला पुढे केले गेले, आणि ज्यांनी केले त्यांच्यासमोर बुखेनवाल्ड होते. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

मात्र 'पुढे कुणाला करायचे' हा प्रश्न आपल्याला ऐकून माहीत नाही, अंगाने माहीत आहे. मेलेले ढोर कुणी ओढायचे, गटारात कुणी उतरायचे हे ठरवताना ज्याला विचारले जात नव्हते, ते आपणच. उंदीर आणि माणूस एक, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे आपल्या आजोबा-पणजोबांचा अपमान होईल. एवढेच की, दुसऱ्याच्या देहावर आपली सुरक्षितता उभी राहते तेव्हा हिशोब न मागणारे आपण तरी असू नये.

हिशोब मागितला की फरक पडतो, हे या देशातच दिसते. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे की सबळ कारणाशिवाय कुणी प्राण्याला वेदना, त्रास किंवा इजा करू नये. २००२ साली प्राण्यांचे रक्षण त्यांच्या मूलभूत कायद्यात, म्हणजे संविधानात आले. त्याच वर्षी ओईसीडीची ती १९८१ ची जुनी पद्धत रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या पद्धतींपैकी एकीत दर पायरीला तीनच उंदीर लागतात, बहुधा दोन ते चार पायऱ्यांत काम होते. दुसरीत मृत्यूची वाट न पाहता विषबाधेची स्पष्ट लक्षणे दिसली की थांबतात. युरोपच्या 'रीच' कायद्याने सांगितले की कण्याच्या प्राण्यांवरची चाचणी हा शेवटचा उपाय, आणि एकाने केलेली चाचणी दुसऱ्याने पुन्हा करू नये, माहिती वाटून घ्यावी. ही गरज तीसेक उंदरांवरून दहाबारांच्या आत आली, तर आधीच्या त्या वीस जणांची गरज नेमकी कुणाला होती?

आता मला ज्याची जास्त बोच आहे ते सांगतो. त्याचा संबंध एर्लांगेनपेक्षा आमच्या यवतमाळशी आहे.

भारतात कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तो याच चाचण्यांवरून ठरतो, तोंडावाटे आणि कातडीवाटे. लाल म्हणजे अतितीव्र विष, तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मारक. मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे त्या दिवसांत पेपरात रोज होती. कपाशी त्या वर्षी डोक्याइतकी वाढली होती, उकाडा होता, अंगावर साधा शर्ट, ना हातमोजे ना मास्क. विष तोंडावाटे गेलेच नाही. कातडीतून गेले, श्वासातून गेले, आणि तेही दोन-तीन औषधे एकत्र कालवलेले, ज्या मिश्रणाची चाचणी कधी कुणी केलेली नव्हती.

'औषधे' म्हणालो, पाहा. आपल्याकडे विषाला औषधच म्हणतात. इथे जर्मनीत त्याला रोप-रक्षक द्रव्य म्हणतात, म्हणजे तिथेही तेच.

पुढच्या वर्षी मी गावी गेलो तेव्हा माझ्या चुलतभावाला डब्यावरचा लाल त्रिकोण दाखवला आणि याचा अर्थ माहीत आहे का म्हणून विचारले. तो म्हणाला, "माहीत आहे ना दादा. लाल म्हणजे जोरदार. अळी लवकर मरते."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्या त्रिकोणासाठी कुठेतरी उंदीर मेले. ते ज्याच्यासाठी मेले त्याच्यापर्यंत त्यांच्या मरणाचा अर्थ उलटा होऊन पोहोचला. खालची बारीक अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, विकणाऱ्याने सांगितले नाही, मालकाने मोजे दिले नाहीत. जीव घेऊन मिळवलेले ज्ञान कागदातच राहिले. बाबासाहेबांच्या भाषेत विचारायचे तर ती हत्या गरजेची होती का? आकडा काढला त्या दिवशी कदाचित असेल. भावाच्या पाठीवर पंप चढला त्या दिवशी तिची गरज उरलेली नव्हती, कारण तिचा उपयोगच झाला नाही. पहिले शील त्या प्रयोगशाळेत जेवढे मोडले, त्याहून जास्त कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि शेताच्या बांधावर मोडले, असे माझे मत आहे. तुम्हाला पटणार नाही कदाचित.

तथागतांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यांत शस्त्रांचा आहे, प्राण्यांचा आहे, आणि विषाचाही आहे. आता विष नाही असा कारखाना दाखवा. स्वयंपाकघरातली नळ साफ करायची बाटलीसुद्धा त्यात येईल. म्हणून मी ते असे समजतो की विष हे विष आहे हे लपवून पोट भरणे, ती मिथ्या आजीविका. आणि ते विष आहे हे ज्याच्या हातात डबा जाणार त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हे काम सम्यक आजीविकेच्या फार जवळचे आहे.

त्या मुलीला मी घे म्हणालो नाही, नको असेही म्हणालो नाही. तिला तीन गोष्टी विचारून घे म्हणालो : नवी चाचणी मागण्याआधी जुनी माहिती कोण शोधतो, चाचणी नको असे लिहिण्याचा अधिकार तुला असेल का, आणि भारतात जाणाऱ्या डब्यांवरचा मजकूर कोण लिहितो. पहिल्या दोन्हींचे उत्तर तिला मिळाले आहे, आणि ते बरे आहे. तिसऱ्याचे कंपनीतल्या कुणालाच नीट सांगता आले नाही. महिनाअखेर तिला होकार-नकार कळवायचा आहे. त्याआधीच्या रविवारी पुन्हा वंदना आहे, त्याच घरी, दुपारी तीनला. तुमच्यापैकी जे या कामात आहेत त्यांनी जरूर यावे, तिला तुमच्याशी बोलायचे आहे.