चुलीमागची भिंत

चुलीची डागडुजी हा विषय नीतिशास्त्राच्या पंक्तीस बसण्याजोगा नाही, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परवापरवापर्यंत आम्हांसही तसेच वाटत होते.

नागभीड येथे आमचे वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या भिंतींचे व कवेलूंचे. तेथे आता आमच्या वहिनी एकट्याच राहतात. गॅसची शेगडी येऊन पुष्कळ वर्षे झाली. तथापि अंघोळीचे पाणी व सणावाराचा मोठा स्वयंपाक अद्यापि चुलीवरच होतो. चुलीमागच्या भिंतीला पोट आले होते आणि भोवतीचा ओटा कडेने ढासळत होता. साठी उलटलेल्या बाईने दर दोन दिवसांनी त्यावर पोतेरे फिरवीत का बसावे? तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गवंडी बोलावून ओटा विटांचा करविला आणि भिंतीच्या तेवढ्या भागास सिमेंटचा गिलावा देवविला. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, माती सिमेंटला धरत नाही." आम्ही हसलो. हसण्याचा अधिकार पदवीबरोबरच मिळतो, अशी आमची समजूत असावी.

पुढच्याच पावसाळ्यात परातीएवढा पोपडा निखळून दुधाच्या पातेल्यात पडला. त्याच्या पाठीस भिंतीची मातीही चिकटून आली होती. मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि अंगावाटे बाहेर सोडते. सिमेंटचे कवच ती वाट बुजविते. मग ओल आतच मुरते आणि माती भुसभुशीत होते. चुलीपाशी शिवाय उष्णता. कोंडा व शेण घालून मळलेल्या मातीस बारीक भेगा पडतात खऱ्या, पण कोंडा त्यांना पसरू देत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे पोतेरे त्या बुजविते. ताठर सिमेंटास ही सोय नाही. ते एकदाच तडकते.

आमचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. सदिच्छेवाचून दुसरे काहीही निरपवाद चांगले नाही, असे कांटने १७८५ साली लिहिले आणि ते आम्ही पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांस शिकवीत आलो. परंतु वहिनींना काय हवे, हे आम्ही विचारलेच नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, याच सारवलेल्या भिंतीच्या सौंदर्यावर आम्ही पूर्वी एक रसाळ लेख लिहिला होता. त्या सौंदर्यासाठी कोणाचे गुडघे झिजतात, हा प्रश्न तेव्हाही आम्हांस सुचला नाही. आधी कौतुक, मग कणव. दोन्ही आमच्याच समाधानासाठी!

यावर कोणी म्हणेल, जाणत्याने अजाणास विचारीत बसावे काय? चुलीच्या धुराने डोळे व फुप्फुसे बिघडतात, हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. तेथे गृहिणीच्या सवयीस मान द्यावा काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण विचारणे म्हणजे आज्ञा शिरसावंद्य मानणे नव्हे. ओडिशात धुराडे असलेल्या सुधारित चुली घरोघरी बांधून देण्यात आल्या. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा काही वर्षे मागोवा घेऊन २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो लाभ उरला नाही, कारण चुलींची निगा राहिली नाही व त्यांचा वापरही घटला. असे घडले की दोष अडाणीपणावर टाकण्याची आपली रीत आहे. निगा राखण्याचे ओझे जिच्या डोक्यावर पडणार, तिच्याशी सल्लामसलत किती झाली होती, हे कोणी पाहत नाही. उशिरा का होईना, आम्ही ते विचारले.

वहिनींचे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. त्यांना सिमेंटही नको होते आणि आमच्या लेखातील सौंदर्यही नको होते. "बसवत नाही आता. ओटा कमरेइतका उंच करा, उभ्याने करीन. अन् वर धुराला झरोका ठेवा." एवढेच. पोतेऱ्याचा त्यांना जाच नव्हता. जाच होता तो वाकण्याचा.

गेल्या उन्हाळ्यात सिमेंट खरवडून काढले. गवंड्याने ओटा उंच रचला, झरोका पाडला. माती मात्र आम्ही स्वतः तुडविली. पन्नाशीनंतर हे काम किती दमविते, ते पायांना कळले. भिंतीवर पहिला हात फिरवून झाल्यावर वहिनींनी बोटाने माती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "कोंडा कमी पडला, भाऊजी. पुन्हा मळा."

आम्ही पुन्हा मळली.