वाकडी मेंढी

नाताळ जवळ आला की आपल्या ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे, अनारसे यांची गडबड सुरू होते. उज्जैनला शिंद्यांच्या राजवटीपासून मराठी माणसे वसली आहेत, आणि आमच्या लहानशा मराठी मंडळीतही फराळ अजून आजीच्या पद्धतीनेच होतो. मुलांच्या वाट्याला मात्र या गडबडीत एकच वाक्य येते, "लांब हो, भाजेल!"

म्हणून तीन वर्षांपूर्वी शब्बाथशाळेत आम्ही विस्तवावाचून होणारी नाताळची बिस्किटे करावयाचे ठरविले. कृती अगदी सोपी आहे. २०० ग्रॅम मारी बिस्किटे कुटून बारीक करावी. त्यांत ३ मोठे चमचे कोको चाळून घालावा व डब्यातील गोड आटीव दूध, सुमारे २०० ग्रॅम, बेताबेताने ओतून गोळा मळावा. हातांस थोडे लोणी लावून हवे ते आकार करावे, वर खोबऱ्याचा कीस भुरभुरावा आणि ताट थंड जागी ठेवावे. पंचवीस-तीस नग सहज होतात. शेगडी नको, भट्टी नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे काम मुलांचे.

मुलांनी तारे केले, उंट केले, गव्हाण केली. सुमारे सात वर्षांच्या एका मुलाने मेंढी केली. तिला पाय तीनच होते आणि डोके पोटाहून मोठे. पण अंगावर खोबऱ्याची लोकर त्याने अगदी मन लावून बसविली होती. ही बिस्किटे मंडळीतील वृद्ध व आजारी माणसांकडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवावयाची होती.

संध्याकाळी मुले घरी गेली. मी ताटांकडे पाहिले आणि मनात आले, असले वेडेवाकडे लोकांना द्यायचे? लोक काय म्हणतील? भाजलेले बिस्किट एकदा झाले की झाले, ते बदलता येत नाही. हा गोळा मात्र कितीदाही मळता येतो. मी सर्व आकार एकत्र मळले व वाटीने सारख्या गोल चकत्या पाडल्या. अर्ध्या तासात ताटे कशी नीटनेटकी झाली!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने विचारले, "काका, माझी मेंढी कुठे आहे?"

मी म्हणालो, "वाटली गेली, बाळ. आपल्या आजीबाईंना दिली."

पोर आनंदाने धावतच आजीबाईंकडे गेले. मेंढी आवडली का, हे त्याला विचारावयाचे होते. आजीबाईंनी सरळ सांगितले की, मेंढी काही आली नाही, चकत्या आल्या. पुढच्या रविवारी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने एवढेच विचारले, "काका, ती वाईट होती का?"

प्रिय वाचकहो, या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. माझ्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. मलाखी संदेष्ट्याने पहिल्याच अध्यायात लंगडे व रोगी पशू वेदीवर आणणाऱ्यांचा कडक निषेध केला आहे. मग तीन पायांची मेंढी दानात कशी चालावी? देवाच्या नावाने जे द्यावयाचे ते उत्तमच असावे, हे आपण मुलांना शिकवावयाचे नाही काय?

शिकवावयाचेच. परंतु मलाखी कोणाला रागावतो हे नीट पाहावे. ज्यांच्या कळपात धडधाकट पशू होते आणि तरी ज्यांनी लंगडा निवडून आणला, त्यांना. तेथे व्यंग पशूत होते, पण दोष देणाऱ्याच्या मनात होता. या मुलाने काहीही मागे ठेवले नव्हते. मनुष्यापाशी जे आहे त्यावरून त्याचे देणे मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात समजावितो. जवाच्या भाकरी घेऊन आलेल्या मुलाची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. जव हे गरिबाचे धान्य. प्रभूने त्या भाकरी बाजूला सारून गव्हाच्या मागविल्या नाहीत.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळापूर्वी सारे कुटुंब कुलकुल करावयास बसते. पिठाची गोळी फणीवर किंवा काट्यावर दाबून गुंडाळावयाची. आजीची कुलकुल आणि नातवाची कुलकुल सारखी होत नाही. परंतु दोन्ही एकाच कढईत तळतात आणि एकाच ताटातून पाहुण्यांपुढे येतात.

कोणी म्हणेल, "मग मुलांना सुधारावयाचेच नाही काय?" अवश्य सुधारावे, पण त्यांच्यादेखत, त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवून. पाठीमागे केलेली सुधारणा हे शिक्षण नव्हे, ती चोरी आहे, आणि ती झाकावयास लबाडी लागते. मला तर एका दिवसात दोन लबाड्या लागल्या. मलाखीचा उत्तमाचा आग्रह शिक्षकाने स्वतःच्या कामास लावावा. जिन्नस ताजे असावेत, माप पुरे असावे, हात स्वच्छ धुतलेले असावेत. आकार मुलांवर सोपवावा.

मी त्या मुलाला सांगितले, "मेंढी वाईट नव्हती. मला लाज वाटली म्हणून मी ती मोडली आणि तुझ्याशी खोटे बोललो. मला क्षमा कर." शब्बाथशाळेच्या शिक्षकाला हे वाक्य फार जड जाते. तो काही बोलला नाही, नुसती मान हलविली.

गेल्या नाताळात त्याने पुन्हा मेंढी केली. चौथा पाय काही केल्या चिकटेना, तेव्हा त्यानेच मला बोलाविले. मी बोटाला लोणी लावून पाय दाबून धरला आणि त्याने तो बसविला. तरी ती थोडी वाकडीच झाली. आम्ही दोघांनी ती आजीबाईंकडे तशीच नेली.

या नाताळात आपल्याही घरी मुलांच्या हातचे काही वाकडेतिकडे होईल. ते झाकण्याचा मोह झाला, तर पाहुण्यांपुढे ठेवण्याचे धैर्य देव आपणांस देवो.