मूळचे आणि दत्तक

एखादी जुनी वस्तू 'मूळची' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दाने आपण नेमकी कशाची ग्वाही देत असतो? प्रथमदर्शनी हा प्रश्न जुन्या बाजारातील दलालांचा वाटेल. परंतु थोडा विचार केला असता तो सत्यासत्याचा, आणि त्याहूनही अधिक न्यायान्यायाचा आहे, असे दिसून येते. मला तो पडला एका फुटलेल्या भोपळ्यामुळे.

कागलच्या आमच्या घरी आजोबांचा एक तंबोरा आहे. आजोबा काही गवई नव्हते. परंतु कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गायकास आश्रय दिला, आणि या प्रांती गाण्याची जी गोडी पसरली तिचा एक लहानसा ओघळ आमच्या माजघरापर्यंत येऊन पोहोचला होता. आजोबांच्या मागे तंबोरा खुंटीस लागला. गेल्या वर्षी घराची डागडुजी चालू असता तो हलविताना माझ्याच हातून निसटला व उंबऱ्यावर आपटून त्याचा भोपळा फुटला. दांडी, तबली, खुंट्या, घोडी सारे शाबूत. गेला तो भोपळाच. त्याच सुमारास पुण्याच्या एका संग्राहक गृहस्थांनी या तंबोऱ्यास चांगली किंमत देऊ केली होती. अट एवढीच, की त्याचे सर्व अवयव जुने असावेत. डागडुजीस पैसा तर हवाच होता.

माझा भाचा विजेची गिटार वाजवितो. तो म्हणाला, "मामा, यात काळजी कसली? जुन्या गिटारींचे असेच करतात. जुने अवयव मिळवायचे आणि वाद्य पुन्हा उभे करायचे." त्याने मग जे सांगितले ते मला मोठे नवल वाटले. या वाद्याच्या तारांखाली लोहचुंबक असतात व त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात हालचाल होऊन वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच पुढे वाढवून ऐकविला जातो. 1954 साली लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातून 'स्ट्रॅटोकास्टर' नावाची गिटार निघाली. तिची मान धडास चार स्क्रूंनी जोडलेली असते. झिजली वा वाकली तर ती काढून दुसरी बसविता यावी, हाच कर्त्याचा हेतू. म्हणजे ज्या वाद्याचे अवयव बदलता यावेत म्हणूनच त्याची अशी घडण केली, त्याच वाद्याचे मूळचे अवयव आज लोक चढ्या किमतीस शोधीत फिरतात! कित्येकदा सबंध गिटारीपेक्षा तिच्या सुट्या भागांची किंमत अधिक येते. आणि मग चांगली वाजती गिटारही उकलून भागाभागांनी विकली जाते.

एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध इंग्रज वादकाने 1970 साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या. तीन मित्रांस दिल्या आणि उरलेल्या तिहींचे उत्तम तेवढे भाग निवडून स्वतःकरिता एक गिटार जुळविली. काळ्या रंगावरून तिचे नाव 'ब्लॅकी' पडले. 2004 साली लिलावात तिला 9,59,500 डॉलर आले. ही गिटार मूळची म्हणावी काय? तिचा प्रत्येक भाग जुना व अस्सल. परंतु या जुळणीपूर्वी ती गिटार जगात नव्हतीच.

तत्त्वज्ञांना हा पेच नवा नाही. थिसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. तेव्हा ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, हा वाद तत्त्वज्ञांत चालत असे, असे प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्जने त्यास आणखी एक गाठ मारली. काढून टाकलेल्या त्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? आपल्याकडे 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजास विचारतो, की रथ म्हणजे चाक की आस की जू; आणि यांपैकी एकही रथ नसता 'रथ' हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, असे दाखवितो. या सर्वांचा प्रश्न एकच आहे: वस्तू तीच आहे काय? मात्र ते नवे अवयव कोठून आणले, आणि आणताना कोणाचे काय गेले, हे त्यांच्यापैकी कोणी विचारीत नाही. तो प्रश्न मला मिरजेस भेटला.

कागलाहून मिरज फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवयांची वाद्ये बिघडत. ती दुरुस्त करण्याचे काम शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी अंगावर घेतले व त्यातूनच तेथील वाद्यनिर्मिती उभी राहिली, असे सांगतात. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही ज्या कारागिराकडे गेलो त्यांच्या दुकानात एक जुना तंबोरा टांगलेला होता. मालकामागे घरच्यांनी तो विकून टाकला होता. त्याचा भोपळा आकाराने, घेराने थेट आमच्यासारखा. भाच्याने तो लगेच हेरला. "याचा भोपळा आपल्याला बसेल ना?" त्याने विचारले. कारागिराने माप घेतले, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "बसेल की. सांधे उकलले की निघेल. पण मास्तर, तो अजून वाजतोय."

या तीन शब्दांनी माझ्या मनात जे झाले ते सांगावयाचे तर थोडी लाज वाटते. कारण क्षणभर माझ्या मनाने हिशेब केलाच होता. तो भोपळा घेतला असता तर पुण्याच्या गृहस्थांपुढे मी ताठ मानेने म्हणू शकलो असतो, की सर्व अवयव जुने आहेत. आणि त्यात शब्दाने खोटे काहीच नसते. परंतु माझ्या एका तंबोऱ्याचे मूळपण पुरे व्हावे म्हणून दुसऱ्या एका कुळाचा धडधाकट तंबोरा मोडावयाचा होता. जुन्या अवयवांच्या या हौसेतील हिशेब हाच आहे: एकाच्या अस्सलपणाची किंमत दुसऱ्याच्या अस्तित्वाने भरली जाते, आणि विकत घेणाऱ्यास ती दिसत नाही. ते दुसरे वाद्य आधीच मोडून पडलेले असते, तर गोष्ट वेगळी. मृताचे डोळे आंधळ्यास देणे पुण्य आहे. डोळस माणसाचे काढून देणे कोणी पुण्य म्हणणार नाही.

आता कोणी म्हणेल, वाद्य म्हणजे शेवटी आवाज. आजोबांचा आवाज राखावयाचा तर जुना भोपळाच हवा. हे म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. परंतु तंबोऱ्याचा आवाज कशात असतो, हे कारागिराने दाखविले तेव्हा मी विचारात पडलो. घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने असा घासतात की तार त्याला जेमतेम स्पर्शत जावी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती गुंजनाची जागा शोधावयाची. हीच जवारी. तारेच्या घर्षणाने ती बिघडते, व घोडी पुन्हा घासून जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे ज्या पृष्ठभागातून तो आवाज निघतो, तोच दर वेळी घासून टाकला जातो. तारा तर कितीदा तुटल्या व बदलल्या. आजोबांच्या हयातीतच त्यांच्या तंबोऱ्याचा 'मूळचा' आवाज अनेकदा नाहीसा होऊन अनेकदा नव्याने मिळविलेला होता. तो टिकला, तो कोणी ना कोणी कान लावून बसले म्हणून.

मग नवा भोपळा लाविल्यास तंबोरा आजोबांचाच राहील काय? याचे उत्तर कागलच्या माणसास फार लांब शोधावे लागू नये. 1884 साली कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. गादी तीच राहिली. किंबहुना तिचे नाव त्यांच्यामुळे अधिक उजळले. परंतु दत्तक चोरून घेत नाहीत. चार लोकांदेखत विधी होतो, नाव बदलते, आणि मूळ घर कोणते हे कोणी लपवीत नाही. कागलास तर त्याचा आजही अभिमान आहे. शिवाय देणाऱ्याचे घर मोडून दत्तक घेतला जात नाही. धाकटे बंधू पिराजीराव यांनी कागलची जहागीर पुढे चालविली. दुरुस्तीलाही मी हेच दोन नियम लावीन. नवे अंग उघडपणे घ्यावे, आणि त्यासाठी कोणाचे घर उजाड करू नये. हे दोन्ही पाळले, तर वस्तू तीच आहे असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. 'ब्लॅकी'विषयीही अर्धा न्याय यातूनच मिळतो. ती तिहींची मिळून झाली हे कधी लपविले गेले नाही, आणि लोकांनी मोल दिले ते क्लॅप्टनने ती वर्षानुवर्षे वाजविली याला. परंतु ज्या तीन गिटारी तिच्यासाठी उकलल्या गेल्या, त्यांच्याविषयी मात्र मला आता पूर्वीसारखे निर्धास्तपणे बोलता येत नाही.

आम्ही नवा भोपळा घेतला. तबली बसविण्यापूर्वी कारागिरांनी मला पेन्सिल दिली, आणि भोपळ्याच्या आतील अंगावर मी साल व 'भोपळा नवा' एवढेच लिहिले. पुढे कधी कोणी हा तंबोरा उघडलाच तर त्यास फसवणूक होऊ नये. पुण्याच्या गृहस्थांस खरे ते कळविले. त्यांनी सौजन्याने नकार दिला, आणि आमच्या घराची मागील भिंत अद्याप तशीच आहे. तंबोरा पूर्वीसारखा वाजतो की नाही, हे सांगावयास ज्यांनी आजोबांना ऐकले त्यांपैकी आज कोणी उरले नाही. भाचा मात्र परवा आपली गिटार बाजूस ठेवून बराच वेळ त्याच्या खुंट्या पिळीत बसला होता. खर्ज काही केल्या लागेना. तेव्हा त्याने दोरा किंचित सरकविला व पुन्हा कान लावला.