मनाचा लगाम आणि यंत्र

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना मेंदूची एक लय वाढवायला शिकवलं. साधारण १२ ते १५ हर्ट्झची ती लय उमटली, की दूध-रश्श्याचा घोट मिळे. पुढे रॉकेटच्या इंधनातलं विषारी रसायन टोचल्यावर या मांजरांना झटके उशिरा आले. न्यूरोफीडबॅकचा, म्हणजे मेंदूच्या लहरींना वळण लावणाऱ्या प्रशिक्षणाचा, एक उगम इथला.

आता चंचल मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात. हवी ती लहर टिकली तर पडद्यावरची गाडी धावते, ढळली की मंदावते. १९८९मध्ये पेनिस्टन आणि कुल्कोस्की यांनी मद्यासक्तांवर अशाच प्रशिक्षणाचं मोठं यश नोंदवलं. रुग्ण मात्र मोजकेच होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मन आवरत नाही म्हणतो, तेव्हा कृष्ण अभ्यास आणि वैराग्य सांगतो. यंत्र अभ्यास करवून घेतं. वैराग्याचं काय? बक्षिसाच्या ओढीवर चालणारी रीत व्यसनीला ओढीतून कशी सोडवणार, हा आक्षेप वजनदार आहे. तरी मन आपलं ऐकतं, एवढा अनुभवही खचलेल्या माणसाला थोडा नसतो.

पण तो अनुभव खरा असतो का?

२०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अवधानदोष असलेल्या १४४ मुलांपैकी काहींचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर, तर बाकीच्यांचा आधीच नोंदवलेल्या, परक्या लहरींवर चालवला. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, लक्षणीय फरक नव्हता. ठरलेली वेळ, स्थिर बैठक, लक्ष देणारं माणूस या गोष्टी दोन्ही गटांना मिळाल्या होत्या; साधनेच्या परंपरा याच गोष्टींना जपत आल्या आहेत. पालकांकडून भरमसाट पैसे घेणाऱ्या केंद्रांनी हा निकाल त्यांना आधीच सांगायला हवा.