कार्डाची मागची बाजू

घरगुती व्यवसायाचं व्हिजिटिंग कार्ड बहुतेक वेळा छापखान्याच्या काउंटरवरच ठरतं. नमुन्यांची जाड वही पुढे येते, एकावर बोट ठेवायचं, नाव-पत्ता लिहून द्यायचा आणि दोन दिवसांनी डबी घेऊन जायची. नमुने देखणे असतात, पण वकील, इस्टेट एजंट आणि भाजणी विकणारी बाई या तिघांच्या हाती त्यातून जवळपास एकच कार्ड पडतं. माझ्या वहिनीचं कार्ड आम्ही घरीच करायला घेतलं ते यासाठी.

वहिनी थालीपिठाची आणि उपासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करते. गिऱ्हाइकं पुण्याच्या पेठांतली, कोथरूडची, काही थेट डोंबिवलीची. यातल्या नव्या माणसाला कार्ड वहिनीच्या हातून क्वचितच मिळतं. जुनं गिऱ्हाईक ते भिशीत, सोसायटीत, नात्यात कुणाला तरी देतं. म्हणजे कार्ड वाचलं जातं तेव्हा समजावून सांगायला वहिनी तिथे नसते. वाचणारी बाई बहुधा साठीच्या पुढची, आणि चष्मा दुसऱ्या खोलीत राहिलेला. एवढं लक्षात घेतलं की बरंच काही आपोआप ठरतं. व्यवसायाच्या नावापेक्षा पदार्थांची नावं ठळक हवीत. फोन नंबर सर्वांत मोठा, पाच-पाच आकड्यांत तोडलेला. ईमेल नको, कारण पाव किलो मेतकूट कुणी ईमेलवर मागवत नाही. पत्त्यात पिनकोडच्या आधी जवळच्या देवळाची खूण हवी.

अक्षरांवर मात्र आम्ही भरपूर वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल, तर देवनागरीची दैना होते. ‘ज्वारी’तला ज हलन्त होऊन वेगळा पडतो, ‘मिरची’तली वेलांटी म सोडून र ला चिकटते आणि छापून येतं ‘मरिची’. खाण्याच्या वस्तूचं नावच मोडकं दिसलं तर तिच्या चवीवर विश्वास कसा बसावा? म्हणून मजकूर मराठी नीट जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावायचा, अक्षरांचे कर्व्ह करायचे आणि मगच पीडीएफ द्यायची. छापखान्याच्या संगणकावर तो फाँट असो वा नसो, अक्षर जागचं हलत नाही. फाँटसाठी पैसेही पडत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ कुणालाही मोफत वापरता येतो आणि तो बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो.

ल आणि श यांच्या वळणाकडेही मी मुद्दाम पाहते. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात या दोन्ही अक्षरांची मराठी वळणं प्रमाण ठरवली, तरी कितीतरी फाँटांत आधी हिंदी वळणच उमटतं. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की, फाँटात सोय असल्यास, आपला ल येतो. थालीपीठ आणि मसाला, दोन्हीत ल आहे. गिऱ्हाइकाला कदाचित हा फरक सांगता येणार नाही, पण अक्षर घरचं वाटतं.

कागदाच्या बाबतीत छापखान्याचा सल्ला ठरलेला असतो: तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. हाताला ते छान लागतं, पण त्यावर साधं पेन धड उमटत नाही. आम्हाला तर मागची बाजू लिहिण्यासाठीच हवी होती. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांपासून केलेला कागद आधी पाहिला. १९४० पासूनची ही संस्था मला फार जवळची वाटते. मात्र त्या खरखरीत पोतावर बारीक अक्षराची कड फुटते. शेवटी लॅमिनेशन नसलेलं साधं पांढरं कार्ड घेतलं. वहिनी प्रत्येक पिशवीबरोबर एक कार्ड देते आणि मागे पेनानं दळणाची तारीख आणि एखादी सूचना लिहिते: ‘भाकरीच्या पिठापेक्षा सैल भिजवा’, ‘मीठ घातलेलं नाही’. असं कार्ड कुणी टाकून देत नाही. मी ते एका स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं पाहिलं आहे.

क्यूआर कोड आम्ही घातला नाही. तो नीट स्कॅन व्हायचा तर निदान दोन सेंटिमीटरचा चौकोन हवा आणि कार्डाची उंचीच एक्कावन्न मिलिमीटर. एवढी जागा फोन नंबरच्या वाट्याची होती.

ऑफसेटवर कार्डं हजारानं छापायची रीत आहे. डिजिटल छपाईत बारा बाय अठराच्या एका शीटवर चोवीस कार्डं बसतात, त्यामुळे लागतील तेवढीच काढता येतात. दर कार्डामागे जरा जास्त पडतात, पण लहान व्यवसायाला तेच परवडतं, कारण त्याची यादी सारखी बदलत असते. पुढच्या खेपेला मेतकुटाच्या वर नाचणीचं सत्त्व येणार आहे. हल्ली फोनवर त्याचीच विचारणा जास्त असते.