भाव आणि भार

जुनी वस्तू विकत घेताना मनुष्य सहसा दोनच प्रश्न विचारतो : ती चालू स्थितीत आहे का, आणि कितीला मिळेल? तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तू स्वस्त मिळाली, तर त्या स्वस्ताईची झळ कोणाला लागली? नीतिविचारांच्या ग्रंथांत हा प्रश्न धान्य, शेत, घोडा यांच्या निमित्ताने पुष्कळ चर्चिला गेला आहे. येथे आपण तो जुन्या जमान्यातील अजस्र लाऊडस्पीकरांच्या निमित्ताने विचारात घेऊ. या वस्तूचा खरा भाव जाणकारावाचून कोणाला दिसत नाही, आणि तिचा भार मात्र कोणापासूनही लपवता येत नाही. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे.

प्रथम त्यांच्या अवाढव्यपणाचे कारण पाहू. बोलपट आले तेव्हा अॅम्प्लिफायरची शक्ती फार तुटपुंजी होती. तेवढ्यावर हजार-दीड हजार प्रेक्षकांचे सभागृह आवाजाने भरायचे, तर कर्ण्याला पर्याय नव्हता. दूर असलेल्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांची ओंजळ धरतो, त्याच तत्त्वाची ही मोठी आवृत्ती. खर्ज स्वरांसाठी तर कर्णा प्रचंडच लागतो. अमेरिकेतील आल्टेक लान्सिंग कंपनीची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका चित्रपटगृहांसाठीच निघाली. तिच्यातील ए-७ नावाची पेटी चार फुटांहून उंच, अडीच फूट रुंद आणि वजनाने साठ किलोहून अधिक. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतच आपला व्यवसाय सुरू केला. त्यांचा ‘क्लिप्शहॉर्न’ घरासाठी होता. परंतु तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागतो, कारण दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग असतो.

पुढे काळ पालटला. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारातून खोल खर्ज काढून दाखवला. त्यानंतर ट्रान्झिस्टरमुळे अॅम्प्लिफायरची शक्ती स्वस्त झाली आणि मोठ्या कर्ण्यांची निकड उरली नाही. अनेक चित्रपटगृहे बंद पडली आणि त्यांच्या पडद्यामागच्या पेट्या अडगळीत गेल्या. जिथे पिकते तिथे विकत नाही, तसेच येथे झाले. अमेरिकेने टाकून दिलेल्या या पेट्या जपानमधील शौकिनांनी दुरून मागवल्या. आज त्यांतील काही जोड्यांना संग्राहक मोठी रक्कम मोजतात. ही गोष्ट जाणकारांना ठाऊक असते; ज्यांच्या घरात पेटी पडून आहे, त्यांना ती ठाऊक असतेच असे नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने समोर आणू. अमेरिकेतील एखाद्या गावी एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. त्यांची पत्नी घर रिकामे करून मुलीकडे राहायला निघाली आहे. बैठकीत कपाटाएवढ्या दोन पेट्या उभ्या आहेत. नवऱ्याचा तो छंद. तिला त्यातले काही कळत नाही. ती तीनशे डॉलर मागते. आलेला गिऱ्हाईक मागची पाटी वाचतो आणि त्याच्या लक्षात येते, की यांचे मोल याच्या कित्येक पट आहे. तो काही खोटे बोलत नाही, घासाघीसही करत नाही. मागितलेले पैसे मुकाट्याने देतो. त्याने अन्याय केला काय?

हा पेच आजचा नव्हे. रोमन विचारवंत सिसेरो याने आपल्या ‘कर्तव्ये’ या ग्रंथात स्काएव्होला नावाच्या कायदेपंडिताची हकीकत दिली आहे. शेत विकत घेताना स्काएव्होलाने मालकाला एकच काय ती किंमत सांगण्यास विनवले. मालकाने ती सांगताच तो म्हणाला, की माझ्या मते शेताचे मोल याहून अधिक आहे, आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर दिले. यावर लोकांचा अभिप्राय असा, की हे सज्जनाचे कृत्य खरे, पण शहाण्याचे नव्हे. सिसेरोला नेमकी हीच फारकत घातक वाटते. संत ऑगस्टीननेही आपल्या परिचयाच्या एका माणसाविषयी लिहिले आहे. हस्तलिखित ग्रंथ विकणाऱ्याला त्याचे मोल कळत नव्हते, म्हणून तो अगदी थोडके मागत होता. त्या माणसाने त्याला अनपेक्षितपणे पुरा न्याय्य मोबदला दिला. संत थॉमस अक्वायनस तर हा कर्तव्याचाच भाग मानतो. विकणारा पितळ समजून सोने विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर तो व्यवहार अन्यायाचा होय व घेणाऱ्याने भरपाई केलीच पाहिजे, असे त्याचे सांगणे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. माझे ज्ञान मला फुकट मिळाले काय? वर्षानुवर्षे वाचून, ऐकून, हात काळे करून ते मी कमावले. शिवाय पेटी जुनी आहे. क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर निकामी झालेले असतील. पडद्याची कड फोमची असेल तर तिचा भुगा झालेला असेल. आतले तारेचे वेटोळे जळालेले असेल. हा धोका माझाच नाही का? याला अक्वायनसने वाट मोकळी ठेवली आहे. वस्तू सुधारली म्हणून, किंवा ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा धोका पत्करला म्हणून अधिक किंमत घेणे त्याला गैर वाटत नाही. न्याय्य भाव तराजूच्या काट्यावर तोलता येत नाही, त्यात थोडे इकडेतिकडे चालते, हेही तो मान्य करतो. तेव्हा दुरुस्ती, वाहतूक आणि धोका यांचे पैसे किमतीतून अवश्य वजा व्हावेत. ते श्रमाचे मोल होय. त्या पलीकडे जे उरते, ते केवळ गप्प राहण्याचे मोल असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे. परंतु येथे मूठ झाकतो घेणारा, आणि सव्वा लाख जातात विकणारीचे.

कोणी म्हणेल, मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात शेतात ठेव सापडलेल्या माणसाने ती लपवून ठेवली आणि सर्वस्व विकून शेत घेतले, त्याचे काय? परंतु दृष्टांताचा रोख स्वर्गराज्यासाठी सर्वस्व सोडण्यावर आहे. सौद्याचा तो नियम नव्हे. आणि त्या माणसाने निदान आपल्याजवळचे सारे दिले होते. तीनशे डॉलर देऊन निघालेल्या गिऱ्हाइकाने त्याचा आधार घ्यावा, हे शोभत नाही.

भावाचा हिशेब येथे संपला, तरी भाराचा उरतोच. पेटी घरी आणायची आहे, आणि जिना अरुंद आहे. स्वस्त सौद्याच्या आनंदात मनुष्य येथेही बचत शोधतो. दोघांचे काम एकाकडून, तासाचे काम पंधरा मिनिटांत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. आपल्या ए-७ ची एकच पेटी त्याहून जड भरते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो ओझे वाहणाऱ्याच्या पाठीलाही हक्क असतो हे ओळखूनच. जिन्यावर तिरकी धरलेली पेटी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर अधिक भार टाकते. ती निसटली, तर तिच्या मार्गातही तोच असतो. जो वर उभा राहून ‘सांभाळ रे’ म्हणतो, त्याने ही गोष्ट विसरू नये.

खरे तर हे काम नीट करता येते. तार स्वरांचा कर्णा सुटा करून वेगळा न्यावा. क्लिप्शहॉर्नचा जुना घाट तर वरचा व खालचा भाग वेगळा करता येईल असाच असतो. स्क्रू पिशवीत घालून पिशवी बांधून ठेवावी. दार आणि जिन्याचे वळण आधी मोजावे. कागदी शंकूला बोट लागू देऊ नये. चुंबकाला जोराचा धक्का बसून ते जागचे हलले, तर वेटोळे अडकते. या सर्वांना वेळ लागतो, आणि वेळेची मजुरी द्यावी लागते. ती मजुरी हा पेटीच्या किमतीचाच भाग आहे. तसाच घरच्या मंडळींचा विचारही. ज्या खोलीतल्या एका कोपऱ्यात वेदी आणि दुसऱ्यात आईची खाट आहे, तेथे दोन कोपरे मागणारी वस्तू आणण्यापूर्वी त्यांना विचारायला हवे.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटत असेल, तर मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर एक फेरी मारावी. जुने ग्रामोफोन, रेडिओ, कर्णे तेथे दिसतात. यांतील एखादी वस्तू पूर्वी कोणाच्या तरी घरची होती, कोणीतरी ती खांद्यावरून उतरवली. तिच्या चिठ्ठीवर यांपैकी काहीही लिहिलेले नसते.

तेव्हा त्या विधवेच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने काय करावे? पाटी वाचून झाल्यावर तिला सांगावे, की या पेट्या अमुक आहेत, चांगल्या स्थितीत बाजारात त्यांना अमुक येतात, दुरुस्तीला व न्यायला मला अमुक लागतील, म्हणून मी इतके देऊ शकतो. आपल्याला दुसऱ्या कोणाला दाखवायच्या असतील तर जरूर दाखवा. कदाचित ती पेट्या देणार नाही. कदाचित ती म्हणेल, तुम्हीच घेऊन जा, यांना वाजवणारा माणूस हवा. पहिल्या उत्तराला तयार असणाऱ्यालाच दुसरे उत्तर मोकळ्या मनाने स्वीकारता येते.