भिडूची पाने

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात जिंकले, अशी कथा सांगतात. तेव्हा दिवाळीच्या सुटीत घरोघर पत्ते निघाले, तर देवांनाही त्याचे वावडे नसावे. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, घरे पाहुण्यांनी गजबजतात आणि ओसरीवर मेंढीकोट रंगतो. मेंढीकोटात भिडूची पाने भिडूच्याच हातात असतात. ती केव्हा टाकायची ते तोच ठरवतो. ब्रिजमध्ये तसे नाही, आणि मला जो प्रश्न मांडायचा आहे तो तेथूनच निघतो.

ब्रिजचे आजचे रूप 1925 च्या सुमारास हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने घडवले. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या जोडीने याच खेळात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. खेळ चौघांचा, दोन जोड्यांचा. आधी बोली होते: अमुक रंग हुकूम धरून आम्ही इतके हात करू. बोली जिंकणाऱ्या जोडीत तो रंग प्रथम ज्याने बोलला असेल, त्याने डाव खेळायचा. प्रतिपक्षाचे पहिले पान पडले की त्याचा भिडू आपली 13 पाने उघडी मांडतो. या भिडूला डमी म्हणतात. पुढे दोघांची 26 पाने एकच माणूस खेळतो.

जाणता खेळाडू या क्षणी थांबतो आणि हात मोजतो. समजा, इस्पिक हुकूम आहे आणि 10 हात करायचे आहेत. माझ्याकडे इस्पिकची एक्का, राणी, नव्वी, अठ्ठी. बदामची एक्क्यासह 5 पाने, चौकटचे एकच आणि किलवरची एक्क्यासह 3. भिडूकडे इस्पिकचा राजा, गुलाम, दश्शी, सत्ती. बदामचे एकच, चौकटची एक्क्यासह 5 आणि किलवरची 3 हलकी पाने. मी हुकुमावर हुकूम काढत बसलो, तर प्रतिपक्षाचे 5 हुकूम तीन-दोन असे वाटलेले असले तरी तीन फेऱ्यांत माझे 6 हुकूम खर्ची पडतात. हुकुमाचे 5 हात, एक्क्यांचे 3, एकूण 8. बोली बुडाली.

पण तीन एक्के आधी करून घेतले आणि मग माझ्या बदामावर भिडूचा हुकूम, भिडूच्या चौकटीवर माझा हुकूम असे आलटून पालटून मारले, तर आठही हुकूम सुटे सुटे हात करतात. एकूण 11. यालाच क्रॉसरफ म्हणतात. येथे सत्तीची किंमत राजाइतकीच होते. एक्के मात्र आधी करावेत. कारण आपण हुकूम मारत असताना प्रतिपक्ष किलवर फेकून मोकळा होतो आणि मागाहून काढलेल्या किलवरच्या एक्क्यावर त्याची दुर्रीही पडते.

या डावात नवल आहे ते उणिवेचे. ज्या रंगात मी दरिद्री, त्यात भिडू माझ्या कामी येतो, आणि त्याच्या दारिद्र्यावर मी उभा राहतो. धानाच्या रोवणीत एकाकडे बैल असतात, दुसऱ्याकडे माणसे. दोघे मिळून दोन्ही बांध्या वेळेवर उरकतात, तसेच हे.

पण शेतकरी शेजारी एकमेकांना विचारून येतात. डमीला कोण विचारतो? आपले राजे दुसऱ्याच्या इच्छेने पडताना त्याने मुकाट्याने पाहावे, हा न्याय कसा?

महाभारतातील सभापर्व हाच प्रश्न विचारते. युधिष्ठिराने भाऊ पणाला लावले, स्वतःला लावले आणि शेवटी द्रौपदीला. तिने सभेला विचारले, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? भीष्मांनाही उत्तर देता आले नाही. द्रौपदी कोणत्याही बोलीत नव्हती. तिचे पान उघडे केले गेले ते तिला न विचारता.

ब्रिजमध्ये मला फरक दिसतो तो हा. डमी बोलीत होता. त्याने हुकुमाला दुजोरा दिला, निदान 'पास' म्हटले. त्याची पाने सर्वांसमक्ष उघडी असतात आणि बोली बुडाली तर दंड दोघांना सारखाच पडतो. शिवाय नियमाने त्याचा एक अधिकार राखला आहे. डाव कसा खेळावा याबद्दल त्याने चकार शब्द काढायचा नाही. पण खेळणाऱ्याने मागितलेल्या रंगाचे पान टाकले नाही, तर 'तो रंग तुमच्याकडे नाही का?' असे तो विचारू शकतो. नियमभंग होऊ नये म्हणून तो बोलू शकतो. चातुर्य एकाचे, पण सचोटीची राखण दोघांची.

आपल्या घरांतही एकजण सर्वांची पाने खेळत असतो. बायकोचे दागिने गहाण पडतात, धाकट्याच्या वाट्याची बांधी विकली जाते, मुलीचे शिक्षण थांबवून मुलाला शहरात धाडले जाते. खेळणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याने हिशेब केलेला असतो, आणि कधी कधी तो खराही ठरतो. म्हणून प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याची पाने खेळायचा हक्क शहाणपणातून मिळत नाही. तो मिळतो त्या माणसाला बोलीत घेतल्याने, आणि टिकतो त्याच्या तोंडी एक प्रश्न शिल्लक ठेवल्याने.

यंदाच्या पाडव्याला घराचा काही बेत ठरणार असेल, तर हात मोजण्याआधी समोर बसलेल्या माणसाला बोलू द्यावे. तो 'पास' म्हणाला तरी चालेल; पण ते त्याच्या तोंडून ऐकावे.